कीटकनाशकाचे जनुक, कर्करोगाचे औषध आणि आपल्या पेटीतले भुंगेरे

हरभऱ्यावर घाटे अळी दिसू लागली की आपला शेतकरी ज्या औषधांची नावे सहज घेतो, त्यांत एमामेक्टिन बेन्झोएट हे एक आहे. वेष्टनावरचे ते लांबलचक नाव वाचताना त्यामागे एक जीवाणू उभा आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जपानमधील इतो शहराजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळा केलेला ‘स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हरमिटिलिस’ हा तो जीवाणू. तो जी ॲव्हरमेक्टिन द्रव्ये तयार करतो, त्यांतूनच आजचे ॲबामेक्टिन, एमामेक्टिन आणि माणसांच्या व जनावरांच्या परजीवींवरील आयव्हरमेक्टिन आले. या कामासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. इथपर्यंतची कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु याच जीवाणूतील एक जनुक उचलून १९९८ साली कर्करोगावरील एक औषध तयार करून दाखवण्यात आले, ही गोष्ट कीटकशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितली जाते. ती सांगितली गेली पाहिजे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण केवळ कुतूहल हे नाही.

या औषधाचे नाव एपिरुबिसिन. त्याची पूर्वपीठिका इटलीतील आहे. दक्षिण इटलीत कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातील अष्टकोनी किल्ला आहे. त्याच्या परिसरातील मातीत सापडलेला ‘स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियस’ हा जीवाणू लालभडक द्रव्य तयार करतो. त्यातून डॉनोरुबिसिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध मिळाले. पुढे संशोधकांनी उत्परिवर्तन घडवणारे रसायन वापरून या जीवाणूचा एक बदललेला स्ट्रेन मिळवला, आणि १९६९ मध्ये त्यातून डॉक्सोरुबिसिन हाती आले. दोन्ही रेणूंत फरक आहे तो एका ऑक्सिजन अणूचा. एवढ्याशा फरकाने औषधाची व्याप्ती बदलली. डॉनोरुबिसिन मुख्यतः रक्ताच्या कर्करोगापुरते राहिले, तर डॉक्सोरुबिसिन स्तनाच्या कर्करोगासह अनेक गाठींवर वापरले जाऊ लागले. अर्थात हे उत्परिवर्तन म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखेच होते. आपण पिकांत गॅमा किरणांनी उत्परिवर्तन घडवून हजारो रोपांतून एक निवडतो, त्याच जातीचा हा प्रयत्न.

डॉक्सोरुबिसिनने असंख्य रुग्णांना आयुष्य दिले, पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करते. म्हणूनच एका रुग्णाला आयुष्यभरात ते एकूण किती द्यायचे, याला मर्यादा असते. रेणूचा एक भाग म्हणजे त्याला जोडलेली साखर. या साखरेवरील एक हायड्रॉक्सिल गट एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला वळवला, तर मिळणारे औषध, म्हणजे एपिरुबिसिन, तितक्याच मात्रेत हृदयाला तुलनेने कमी त्रास देते. कारखान्यात ही उलटापालट रसायनशास्त्रज्ञ डॉनोरुबिसिनपासून अनेक पायऱ्यांनी करीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रिचर्ड हचिन्सन आणि त्यांचे इटालियन व अमेरिकी सहकारी यांनी वेगळा प्रश्न विचारला. ही उलटापालट जीवाणूकडूनच करवून घेता येईल का?

प्युसेटियसमध्ये तो गट कोणत्या बाजूला वळावा हे ठरवणारे एक जनुक आहे. त्यांनी ते निकामी केले. ॲव्हरमेक्टिनच्या रेणूलाही एक साखर जोडलेली असते आणि ती घडवताना नेमकी उलट बाजू निवडणारे जनुक ॲव्हरमिटिलिसमध्ये असते. ते आणून त्यांनी प्युसेटियसमध्ये घातले. जीवाणू सरळ एपिरुबिसिन तयार करू लागला. उत्पादन थोडे होते, कारखान्याला लगेच परवडावे इतके नव्हते. परंतु सिद्ध झाले ते महत्त्वाचे होते. माइट आणि अळ्या मारणाऱ्या द्रव्यासाठी निसर्गाने घडवलेला एक कारागीर कर्करोगाच्या औषधाच्या कामावर रुजू झाला आणि त्याने काम चोख केले.

ही यंत्रणा समजण्यासाठी शिंप्याच्या दुकानाकडे पाहावे. अशा बहुतेक रेणूंचा मूळ सांगाडा पॉलिकीटाइड सिंथेज नावाची मोठी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, तयार करतात. ती छोटे कार्बनी तुकडे ठरलेल्या क्रमाने एकापुढे एक जोडत जातात, जणू कापड बेतून सदरा शिवला जातो. त्यानंतर काज-बटणे, अस्तर, कॉलरचा कडकपणा ही कामे वेगळे कारागीर करतात. एखादे विकर मिथिल गट जोडते, एखादे साखर लावते, एखादे ऑक्सिजन बसवते. सदऱ्याचा सांगाडा न उसवता फक्त काज-बटणे करणारा कारागीर बदलणे हे जनुक-अभियांत्रिकीतील त्यातल्या त्यात शहाणपणाचे काम होय. सांगाडाच बदलू पाहणारे प्रयत्न पुष्कळ झाले, पण तेथे अपयशाचे प्रमाणही मोठे आहे. एक भाग हलवला की पुढचा भाग काम करेनासा होतो.

आता मुद्द्यावर येतो. पीकसंरक्षण आणि कर्करोग-औषधे ही दोन खाती आपण कचेऱ्यांत वेगळी ठेवली आहेत. जीवाणूंच्या जनुकांत ती वेगळी नाहीत. ज्या विषाने एक जीव दुसऱ्यापासून स्वतःचा बचाव करतो, तेच विष पेशींचे विभाजन थांबवते. कोणाच्या पेशी, हा प्रश्न नंतरचा. म्हणून अशा विषांच्या जनुकांचा साठा शोधायचा तर तो जेथे जीवांची आपापसांत झुंज चालते तेथे शोधावा लागेल, आणि शेत हे असे ठिकाण आहे. त्यातही कीटकांच्या शरीरात राहणारे जीवाणू हा साठा आपल्या हाताशी सर्वांत जवळ आहे. आपण मात्र तो गोळा करतो, मोजतो आणि फेकून देतो.

‘पेडेरस’ या भुंगेऱ्याचे उदाहरण घेऊ. भाताच्या बांधावर, प्रकाश सापळ्यात, पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली हा सापडतो. शरीर सडपातळ, जेमतेम सेंटिमीटरभर. डोके आणि शेपटीचे टोक काळे, मधला भाग नारिंगी आणि आखूड पंखांवर निळसर झाक. शेतात हा आपला मित्रकीटक आहे. तुडतुडे, मावा, अंडी, लहान अळ्या असे बरेच काही तो खातो. त्वचेवर चिरडला गेला तर मात्र एक-दोन दिवसांनी तेथे जळल्यासारखे चट्टे आणि फोड उठतात. २०२२ च्या जुलैत सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना हा त्रास झाला, तेव्हा ‘नैरोबी माशी चावली’ अशा बातम्या झळकल्या. तो माशी नाही आणि चावतही नाही. अंगावर बसला तर त्याला चिरडू नये, फुंकर मारून उडवावे, एवढे सांगितले असते तरी लोकांचा पुष्कळ त्रास वाचला असता.

फोड आणणारे ते द्रव्य म्हणजे पेडेरिन. इटलीतील मारिओ पावान आणि त्यांचे सहकारी बो यांनी १९५३ साली ते स्फटिकरूपात मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी सुमारे अडीच कोटी भुंगेरे गोळा करावे लागले होते. अडीच कोटी! आपल्यापैकी ज्यांनी सापळ्यातले कीटक एकेक करून मोजले आहेत, त्यांना या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. हे द्रव्य मिलीलिटरला एक नॅनोग्रॅम इतक्या अल्प मात्रेतही माणसाच्या पेशींचे विभाजन थांबवते, कारण ते पेशीतील रायबोसोमवर बसून प्रथिने तयार होणेच बंद पाडते. अर्बुदांवरील प्रयोगांत त्याचा प्रभाव दिसला. पण अडीच कोटी भुंगेऱ्यांच्या आधारावर औषध उभे राहत नाही.

हे विष मुळात कोण तयार करते, हा उलगडा व्हायला पुढे जवळजवळ अर्धे शतक गेले. जर्मनीतील रूपर्ट केल्नर यांनी दाखवले की काही माद्या पेडेरिन तयार करतात आणि अंड्यांना देतात, काही करतच नाहीत. आणि प्रतिजैविक दिले की ही क्षमता नाहीशी होते. म्हणजे कर्ता भुंगेरा नव्हे, त्याच्यात राहणारा जीवाणू. अंड्यांतील पेडेरिन अळीच्या पिढीला लांडगा कोळ्यांपासून वाचवते, हेही त्यांनीच दाखवले. हे सारे काम अस्सल कीटकशास्त्राचे आहे. संकर, संगोपन, अंड्यांची वेगवेगळी नोंद, भक्षकासमोर ठेवून घेतलेली परीक्षा, असे काम आपल्या कोणत्याही केंद्रावर होऊ शकते. त्यानंतर २००२ मध्ये यॉर्न पील यांनी भुंगेऱ्यातील एकूण डीएनएमधून पेडेरिनची जनुके शोधून काढली आणि ती स्यूडोमोनास गटातील, प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या सहजीवी जीवाणूची असल्याचे दाखवले.

याच गटाचे २००९ चे काम मला सर्वांत बोलके वाटते. न्यूझीलंडच्या समुद्रातील ‘मायकेल’ या स्पंजात मायकॅलामाइड नावाचे द्रव्य सापडते. ते पेडेरिनचे जवळचे भावंड, पण त्यावर एक मिथिल गट कमी असतो. पील यांच्या गटाने भुंगेऱ्याच्या जीवाणूतील मिथिल गट जोडणारे एक जनुक प्रयोगशाळेत कामाला लावले आणि त्यातून मिळालेल्या विकरासमोर हे स्पंजातले द्रव्य ठेवले. विकराने नेमक्या जागी मिथिल गट बसवला. तयार झालेला रेणू निसर्गात कोठेही ज्ञात नव्हता आणि पेशी मारण्याची त्याची शक्ती मूळ द्रव्यापेक्षा अधिक होती. भाताच्या शेतात वावरणाऱ्या कीटकाच्या पोटातला कारागीर आणि समुद्रतळावरच्या स्पंजाचे कापड! पुढे २०१७ मध्ये समुद्रातील गाळातून मिळालेला, स्वतंत्रपणे जगणारा आणि प्रयोगशाळेत वाढवता येणारा ‘लाब्रेन्झिया’ हा जीवाणू पेडेरिन कुळातील द्रव्य तयार करतो, असे स्पेनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. वाढवता येणारा जीवाणू मिळणे म्हणजे जनुके बदलून पाहण्यासाठी कार्यशाळाच मिळणे.

येथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. पेडेरिन कुळातील एकही द्रव्य आज कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध नाही. ते निरोगी पेशी आणि रोगट पेशी यांत पुरेसा भेद करीत नाही. कोळ्याला परतवण्यासाठी घडलेले विष माणसाच्या शिरेत सोडण्याजोगे असेलच, असे मानण्याचे कारणही नाही. ‘भुंगेऱ्यात सापडला कर्करोगावरील उपाय’ असले मथळे आपण स्वतः देऊ नयेत आणि कोणी दिले तर त्यांना दुजोरा देऊ नये. रुग्णाच्या घरी अशा मथळ्याचा अर्थ फार वेगळा लावला जातो.

मग या जनुकांचा उपयोग काय? मूळ द्रव्य फार जहाल असेल तर त्यात बदल करावे लागतात, आणि बदलांसाठी द्रव्य पुरेसे हवे. हे दोन्ही जीवाणूकडून साधते. एपोथिलोन या दुसऱ्या कुळात असे घडून चुकले आहे. झांबेझी नदीकाठच्या मातीतील ‘सोरँजियम’ जीवाणूने तयार केलेले हे द्रव्य जर्मनीत प्रथम बुरशीरोधक म्हणून लक्षात आले. कर्करोगाच्या पेशींवर ते टॅक्सॉलसारखे काम करते, हे नंतर १९९५ मध्ये कळले. सोरँजियम अतिशय संथ वाढतो, म्हणून २००० साली त्याची सगळी जनुके दुसऱ्या, वेगाने वाढणाऱ्या जीवाणूत नेण्यात आली. ऑक्सिजन बसवणारा शेवटचा कारागीर काढून टाकला की एपोथिलोनचा एक वेगळा प्रकार मिळतो, हेही दिसले. या कुळातील इक्साबेपिलोनला, जे जीवाणूच्या द्रव्यात रासायनिक बदल करून मिळते, २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुकीय बदल केलेल्या जीवाणूंपासून मिळवलेल्या युटिडेलोनला २०२१ मध्ये चीनमध्ये मिळाली. दोन्ही स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी आहेत, दोन्हींचा हातापायांच्या मज्जातंतूंवर दुष्परिणाम होतो आणि दोन्हींनी रोग मुळासकट जात नाही. तरीही काही रुग्णांना काही महिने मिळतात. ज्यांच्या घरात तो काळ आला आहे, त्यांना त्या महिन्यांचे मोल विचारावे.

जीवाणूकडून द्रव्य मिळाले नाही तर काय होते, तेही आपण सह्याद्रीत पाहिले आहे. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगाची औषधे तयार होतात. त्या मागणीपोटी पश्चिम घाटात नरक्याची बेसुमार तोड झाली. ज्या द्रव्याची जनुके टाकीत नेता येतात, त्यासाठी जंगल तोडावे लागत नाही.

आता आपल्या बागेत येऊ. संत्रा, मोसंबी, लिंबू या पिकांवरील सिला ही कीड विदर्भातील बागायतदाराला जितकी परिचित, तितकीच पंजाबातील किन्नो आणि मेघालयातील खासी मंडारिन लावणाऱ्याला. कोवळ्या नवतीवर ती रस शोषते आणि ग्रीनिंग रोगाचा जीवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या कीटकाच्या शरीरातील एका खास अवयवात दोन सहजीवी जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या आईकडून अंड्यात जात राहतात. त्यांपैकी ‘प्रोफ्टेला’ हा डायफोरिन नावाचे द्रव्य तयार करतो. डायफोरिन हे पेडेरिनचेच भावंड! जपानमधील आत्सुशी नाकाबाची आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केले. प्रोफ्टेलाचा जीनोम अतिशय आक्रसलेला, पाच लाख अक्षरांहूनही लहान आहे. स्वतंत्र जगण्यासाठी लागणारी कितीतरी जनुके त्याने गमावली, पण डायफोरिनची जनुके जपली; जीनोमचा सुमारे सातवा हिस्सा त्यांनीच व्यापला आहे. घरातले सगळे विकून माणसाने एकच वस्तू राखावी, तसे हे आहे. त्या वस्तूचे त्याला काय मोल असेल, याचा अंदाज त्यावरून करावा. डायफोरिन पेडेरिनपेक्षा सौम्य आहे, तरी प्रयोगशाळेत ते माणसाच्या विविध कर्करोग-पेशी मारते, असे २०१९ मध्ये नोंदवले गेले आहे. मूळ विष जहाल असताना त्याचा सौम्य भाऊ निसर्गातच मिळणे, हे कोणते गट काढावेत आणि कोणते ठेवावेत याचे फुकट मिळालेले टिपण होय.

डायफोरिनचा संबंध केवळ औषधाशी नाही. सिलाच्या जैविक नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या मित्रजीवांना ते अपायकारक ठरू शकते, असे त्याच जपानी गटाचे काम सुचवते. आपण ढालकिडे सोडतो आणि ते अपेक्षेइतके काम करीत नाहीत, तेव्हा उष्णता, फवारणी, वेळ चुकली अशी कारणे देतो. भक्ष्यातच विष असू शकते, हा विचार आपल्या अहवालांत दिसत नाही. म्हणजे एकाच जीवाणूचा अभ्यास बागायतदाराच्याही कामाचा आणि औषध-संशोधकाच्याही. हे काम आपले नव्हे, कृषी संशोधन संस्थेने कर्करोगात पडू नये, असा आक्षेप मी बैठकांत ऐकला आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच की औषध आपण करावे असे कोणी म्हणत नाही. पण सिला आणि पेडेरस आपल्याशिवाय दुसरे कोण गोळा करणार? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून माणसाच्या बुरशीरोगांवरील हॅमायसिन आले आणि पिकांच्या बुरशीरोगांवरील ऑरिओफंजिनही. तेव्हा ही भिंत इतकी उंच नव्हती.

दुसरा आक्षेप जनुकीय बदलांचा. जीएम पिकांवरून आपल्याकडे जी चर्चा पेटते, तिची धग या विषयालाही लागते. शेतात मोकळेपणी वाढणारे पीक आणि बंद टाकीत वाढून शेवटी उष्णतेने मारला जाणारा जीवाणू यांत जोखमीचा मोठा फरक आहे. अशा सूक्ष्मजीवांसाठी १९८९ पासून आपल्याकडे नियमही आहेत. सावधगिरी हवीच, पण एकाची भीती दुसऱ्यावर लादून नव्हे.

खरी अडचण आपल्या सवयींत आहे. कीटक पकडला की आपण तो टाचणीला लावतो किंवा सत्तर टक्के अल्कोहोलात, कित्येकदा फॉर्मालिनमध्ये टाकतो. पंख, शिंगे, जननेंद्रिये ओळखण्यासाठी ते पुरते. आतला जीवाणू मात्र तेथे संपतो. फॉर्मालिन डीएनएची वाट लावते, पातळ अल्कोहोलमध्ये तो हळूहळू तुटत जातो, आणि पेडेरिनसारखी द्रव्ये अल्कोहोलात उतरतात व बाटली बदलताना मोरीत जातात. वीस-वीस वर्षांच्या सर्वेक्षणांतून जमा झालेले लाखो नमुने आज ‘कोणता कीटक’ याचे उत्तर देऊ शकतात, ‘त्याच्यात कोण राहत होते’ याचे देऊ शकत नाहीत. हे नुकसान भरून येणारे नाही. भाताच्या जाती बदलल्या, कीटकनाशके बदलली, संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या आणि वाळल्या. त्या त्या काळातील सहजीवी जीवाणू पुन्हा मिळणार नाहीत.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक मोठ्या गोळाबेरजेतून निदान दहा कीटक शुद्ध अल्कोहोलात घालून उणे वीस अंशांवर ठेवावेत, आणखी काही कोरडेच गोठवावेत. द्रव्याचा अभ्यास या कोरड्या नमुन्यांतून होईल. ज्यावरून जात ओळखली तो नमुना नेहमीप्रमाणे टाचणीला राहू द्यावा, पण तिघांचा क्रमांक एकच असावा. चिठ्ठीवर गाव, पीक, वाढीची अवस्था यांबरोबर आधीच्या पंधरवड्यात बागेत स्ट्रेप्टोसायक्लिनसारखे प्रतिजैविक फवारले होते का, हे लिहावे. केल्नर यांच्या प्रयोगांत प्रतिजैविकाने भुंगेऱ्याचे विषच नाहीसे झाले होते, हे ध्यानात घेतले तर ही एक ओळ का हवी ते कळेल. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्युरो आणि मऊची कृषी उपयुक्त सूक्ष्मजीवांची ब्युरो या दोन्ही संस्था एकाच परिषदेच्या आहेत. कीटक एकीकडे आणि त्याच्या पोटातला जीवाणू दुसरीकडे, अशी वाटणी करण्यापेक्षा दोघांचा एक समाईक क्रमांक असलेली नोंदवही सुरू करता येईल.

हक्कांचा प्रश्नही येथे आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. पूर्वी एखाद्या देशाचे जैविक धन न्यायचे तर वस्तू उचलून न्यावी लागे. आता जनुकाचा क्रम संगणकावर चढला की भुंगेऱ्याची गरज उरत नाही. जगात कोणीही ते जनुक रसायनांपासून जोडून आपल्या जीवाणूत घालू शकतो. आपला २००२ चा जैवविविधता कायदा मुख्यतः वस्तूभोवती बेतला गेला. आंतरराष्ट्रीय स्तरावर अशा क्रमांच्या वापरातून लाभाचा वाटा मिळावा म्हणून २०२२ मध्ये तत्त्व मान्य झाले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत काली निधी सुरू झाला. पण त्यात पैसे घालणे कंपन्यांच्या इच्छेवर आहे. क्रम दडवून ठेवा असे मी म्हणणार नाही. विज्ञान त्याने पुढे जात नाही, आणि पील व नाकाबाची यांचे काम आपण वाचू शकलो ते ते खुले होते म्हणूनच. परंतु क्रम प्रसिद्ध करताना कीटक कोणत्या गावाच्या कोणत्या शेतातून आला, ही नोंद त्याच्यासोबत कायमची जोडलेली असली पाहिजे. आज आपण सादर करीत असलेल्या बहुतेक क्रमांपुढे ‘इंडिया’ एवढेच लिहिलेले असते. लाभाचा वाटा मागायचा झाला तर तो कोणाच्या वतीने मागणार?

दरम्यान एक प्रश्न कोणत्याही लिंबूवर्गीय संशोधन केंद्राला या वर्षीच हाती घेता येईल. आंबिया बहाराच्या नवतीवरील सिला आणि मृग बहाराच्या नवतीवरील सिला, यांच्यातील डायफोरिनचे प्रमाण सारखे असते की वेगळे? ढालकिडे कोणत्या बहारात सोडावेत हे त्यावरून ठरू शकेल. त्यासाठी लागते ते एवढेच: दोन्ही बहारांत त्याच झाडांवरून पकडलेले शे-दोनशे कीटक, एक शीतकपाट, आणि द्रव्य मोजून देणारा शेजारच्या विद्यापीठातील एखादा रसायनशास्त्रज्ञ.